गृहभेट पूर्ण

१

दार फुटलं ते दुसऱ्या मजल्यावरचं, आणि हात मोडला तो तळमजल्यावर राहणाऱ्या बाईचा.

मितेश मढवी डोंबिवलीच्या त्या जुन्या इमारतीत भर दुपारी आला आणि इकडंतिकडं न बघता थेट जिना चढला. हरिहर काण्यांच्या दाराला बेल होती, पण त्यानं लाथच घातली. घरात उत्तराबाई काणे एकट्या होत्या. त्यांना बाजूला ढकलून त्यानं आतली खोली उलटीपालटी केली, पलंगाखाली वाकून पाहिलं, आणि ज्या बायकोला शोधत होता ती तिथं नाही म्हटल्यावर शिव्या देत खाली उतरला. नेमकी त्याच वेळी कल्पिता लेकीला, अंतराला, शाळेतून घेऊन येत होती. जिन्याच्या तोंडाशीच गाठ पडली. त्यानं पोरीला ओढलं, कल्पितानं सोडलं नाही, आणि त्या ओढाताणीत तिच्या हाताचं हाड मोडलं. शेजारी धावून आले तसा तो पळाला. पोलिसांनी पकडला, आणि आठवडा उलटायच्या आत तो जामिनावर बाहेरही आला. पत्ता कुठून मिळाला असं विचारल्यावर म्हणाला, "बायको माझी आहे, मला नको माहीत असायला?"

हे वाक्य पोलिसांच्या कागदात वाचून ॲडव्होकेट नीरजा देवस्थळीनं टेबलावर अशी थाप मारली की पेल्यातलं पाणी सांडलं. नीरजाचा राग ठाण्याच्या कोर्टात सगळ्यांना ठाऊक आहे. विरोधी वकील त्याची टिंगल करतात, पक्षकार त्याला वचकून असतात. दिवाळीनंतर कल्पिताला त्या मारकुट्या घरातून बाहेर काढून डोंबिवलीत काण्यांकडे आणून ठेवलं ते तिनंच. इथं तुला कोणी शोधणार नाही, असा शब्दही तिनंच दिला होता, आणि आता तो शब्द तिच्या तोंडावर येऊन आदळला होता.

पत्ता ठाऊक होता तो मोजक्या माणसांना. नीरजा स्वतः, तिचा ज्युनियर अनिमेष, कल्पिताचे वडील धाकू भोईर, आणि काणे नवराबायको. यातलं कोणीतरी फुटलं होतं.

२

कल्पिता आणि अंतरा सध्या नीरजाच्या वर्तकनगरच्या घरी होत्या. पण मितेशला वकिलीणबाईंचं घर माहीत होतं, त्यामुळे तिथं फार दिवस राहणं शक्य नव्हतं. नाशिककडे एक जागा नीरजानं बघून ठेवली होती. कल्पिता मात्र हलायला तयार नव्हती.

"मॅडम, तुम्ही न्याल तिथं तो येईल," प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून ती म्हणाली. "कोणी सांगितलं ते कळू दे आधी. नायतर मी बॅग भरायची, पोरीची शाळा तोडायची, आणि त्यानं परत दार फोडायचं. किती वेळा?"

"तुझा संशय कोणावर आहे?"

"संशय कसला? माझ्या बापसानंच सांगितलं." तिचा आवाज चढला. "दोनदा मी माहेरी पळून गेलेले. दोनदा त्यांनीच मला परत नांदायला घातली. बोलले, मढव्यांशी आपला रोजचा संबंध, शेजारचं गाव, चार लोकं काय बोलतील? आता पण तेच केलं असणार. मी त्यांचं तोंड नाय बघणार परत."

खोलीच्या कोपऱ्यात अंतरा चित्र रंगवत होती. आईचा आवाज चढला तशी ती खडू खाली ठेवून पलंगाच्या आड जाऊन बसली. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. नीरजाला ते पाहवलं नाही.

"फोन दे तुझा. धमकी वगैरे आली होती का बघू."

"नवा नंबर आहे. काणे काकूंच्या नावावर घेतलेला. शाळा सोडून कोणाकडे नाय."

नीरजानं मेसेज खालीवर केले. कर्ज घ्या म्हणून मागं लागलेल्या कंपन्या, साड्यांचा सेल, शाळेची सूचना. मध्येच एका पक्षाचा गुलाबी संदेश: 'सौ. कल्पिता मितेश मढवी, आपणांस महिला दिनाच्या हार्दिक शुभेच्छा', आणि खाली हात जोडून हसणारे कुणी भाऊ. "यांना दुसरा धंदा नाही," असं पुटपुटत नीरजानं फोन परत केला. धमकी कुठंच नव्हती.

बाहेरच्या खोलीत अनिमेष थांबला होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, त्यांच्यासमोर बोललो नाही. पण धाकू भोईरांना मी गेल्या महिन्यात पाहिलं होतं. मितेशच्या काकाबरोबर, मढव्यांच्या पक्षाच्या शाखेत बसले होते."

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

अनिमेषनं मान खाली घातली. नीरजा तोंडानं त्याला झाडत होती, पण मनातून तिनं धाकू भोईरांना केव्हाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

३

घोडबंदर रोडला लागून टॉवर उभे राहिले, आणि त्या टॉवरांच्या मागं जुनं गाव तसंच राहून गेलं. धाकू भोईरांच्या ओट्यावर बसलं की समोर तिसाव्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे दिसतात. ती जमीन पूर्वी त्यांचीच. त्याआधी बापजादे मिठागरात राबलेले. आता पैसा आला, दारात मोठी गाडी आली, पण म्हातारा अजून बनियनवर ओट्यावर बसून जाळं विणत असतो.

"मी सांगला?" त्यांनी जाळं बाजूला टाकलं. "माजे पोरीचा हात मोडाला मी त्याला वाट दाखवन? काय बोलतंस बाय तू?"

"तुम्ही मढव्यांबरोबर शाखेत बसला होता. खोटं आहे का?"

"बसलू व्हतू. खोटा कला बोलू? त्यांचे घरान लगीन व्हता, हळदीला बोलावना आला. आख्खा गाव हळदीला जातं. मी जाऊन सांगून आलू, तुमची हळद नको न तुमचा घर पन नको. आठ जनांसमोर बोल्लू. इचार कोनाला पन."

नीरजानं ते मनात टिपून घेतलं. आगऱ्यांच्या घरी हळदीचं आमंत्रण परत करणं म्हणजे भावकीशी उभा दावा मांडणं. हे ढोंगासाठी कोणी करत नाही. तरी तिनं ताणलं. "दोनदा तुम्हीच तिला परत पाठवलं होतं."

धाकूंनी जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. मग म्हणाले, "हा. पाठवली." आणि जाळ्यातली एक गाठ सोडवत, "आता मना ती फोन पन उचलत नाय. तांदलाचा पिंप माजेच डोक्यावरशी खाली उतरवला तिचा, वरचे खोलीतशी. तवा हसत व्हती. बोलली, बाबा, आता माजी सोताची खोली झाली."

नीरजा उठली. गाडीत बसली. घोडबंदरची कोंडी नेहमीसारखीच होती. पुढं टेम्पो, मागं बस, आणि कुणीच जागचं हलत नव्हतं. इतर दिवशी तिनं हॉर्न वाजवून जीव नकोसा केला असता. आज ती शांत बसून राहिली, कारण तांदळाच्या पिंपानं तिच्या डोक्यात एक गाठ मारली होती.

कल्पिता दिवाळीनंतर काण्यांच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, पाहुणी म्हणून राहिली. फेब्रुवारीत त्यांचीच तळमजल्यावरची खोली रिकामी झाली, तेव्हा ती खाली गेली. मितेश मार्चमध्ये आला, आणि तो वर गेला. सरळ वर. ज्यानं कोणी त्याला पत्ता दिला त्याला कल्पिता खाली गेल्याचं माहीतच नव्हतं.

पण धाकूंनी तर सामान स्वतः खाली उतरवलं होतं. अनिमेषनं तळमजल्याच्या खोलीचा करार केला होता. काण्यांनी खोली दिली होती. या चौघांपैकी कोणीही चुगली केली असती, तर मितेश तळमजल्यावर आला असता.

म्हणजे संशयित म्हणून धरलेले सगळेच्या सगळे सुटले होते. आणि दार तर कोणीतरी दाखवलं होतं.

४

"मी स्पष्टच बोलतो," हरिहर काणे म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. "आम्हाला त्या मुलीविषयी सहानुभूती आहे. परंतु या वयात आम्हाला हे झेपणारं नाही. खोली त्यांनी रिकामी करावी, अशी माझी विनंती आहे."

"विनंती कसली? हाकलताय तिला," उत्तराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तिचा हात मोडला आणि तुम्हाला दाराची कडी दिसतेय!"

दाराला नवीन कडी बसली होती. रासायनिक कारखान्यांचा तो ओळखीचा उग्र वास खिडकीतून येत होता. नीरजानं खिडकी लावून घेतली आणि विचारलं, "कल्पिता इथं वर राहत होती तेव्हाचं सांगा. खाली जायच्या आधीचं. पत्ता कोणाला दिला होता?"

"कोणालाही नाही," काणे म्हणाले. "आमच्याकडे कोणी येतच नाही."

उत्तराबाई मात्र हातातलं फडकं पिळत उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काकू?"

"ती कुठं बाहेरच पडत नव्हती हो. दिवसभर खोलीत. म्हटलं तरणीताठी पोर, चार बायकांत बसली तर मन रमेल. संक्रांतीनंतर इथल्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं, ते हात जोडून हसणारे भाऊ आहेत ना, त्यांच्या पक्षाच्या बायकांचं. मीच ओढत नेलं तिला. ती नको म्हणत होती."

"मग?"

"वाण छान होतं, स्टीलचा डबा. पण डबा घ्यायच्या आधी एक मुलगी मोबाइलवर नाव, फोन, पत्ता, वय, सगळं घालून घेत होती. कल्पितानं नुसतं 'कल्पिता' सांगितलं. आडनाव नको म्हणाली. पत्ता मीच सांगितला. दुसरा मजला, काणे. माझ्याबरोबर आलेली ना, म्हणून." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मग त्या मुलीनं मिस्टरांचं नाव विचारलं. कल्पिता गप्प. तर ती हसून म्हणाली, 'लाजताय काय ताई? उखाण्यातच घ्या, मी ऐकून लिहिते.' सगळ्या बायका मागं लागल्या. आता नाव घेतलं नाही तर नवरा नाही की काय, अशा नजरा. तेव्हा घेतलंन बिचारीनं."

"काय घेतलं?"

उत्तराबाईंनी उखाणा अगदी हळू आवाजात म्हटला:

"वाणाच्या डब्यावर फुलापानांची नक्षी,
मितेशरावांचं नाव घेते, तुम्ही सगळ्या साक्षी."



"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन न्हाणीघरात दार लावून रडली. नवऱ्याचं नाव मितेश हे मला त्या दिवशी कळलं."

"आणि आडनाव? मढवी?" नीरजानं विचारलं. "ते तिथं कोणी बोललं?"

"उखाण्यात आडनाव कोण घेतं? मला तर ते पोलीस आले तेव्हा कळलं."

नीरजा ताडकन उठली. तिला तो गुलाबी संदेश आठवला होता. सौ. कल्पिता मितेश मढवी. हळदीकुंकवात जे आडनाव कोणी उच्चारलंच नव्हतं, ते त्या पक्षाला महिला दिनाला ठाऊक होतं. म्हणजे अर्धी माहिती हळदीकुंकवातून आली, आणि उरलेली अर्धी त्यांच्याजवळ आधीपासूनच होती. दोन्ही टोकं कोणीतरी जोडली होती.

५

पक्षाचं कार्यालय बाजाराच्या तोंडाशीच होतं. महिला आघाडीचं काम बघणारी करिश्मा तिथं बसली होती. नीटनेटकी, हसतमुख, तिशीच्या आतली. "या ना ताई, चहा घेणार?"

चहाला नको म्हणणं नीरजाला नेहमी जमत नाही. आज जमलं. "तुमच्या हळदीकुंकवाची फार तारीफ ऐकली," ती म्हणाली. "एवढ्या बायकांची नावं लक्षात कशी ठेवता?"

करिश्मा खुलली. स्तुतीनं कोणीही खुलतं. तिनं टॅबलेट पुढं ओढला. "लक्षात कुठं ठेवतो ताई, ॲप आहे ना. हळदीकुंकू, आरोग्य शिबिर, देवदर्शनाची बस, जिथं बाई येईल तिथं आपण नोंद घेतो. मग ॲप मतदार यादीशी जुळवतं. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, वय. तिन्ही जुळलं की ती मूळची कुठली ते आपोआप कळतं."

"नवऱ्याचं नाव लागतंच?"

"त्याशिवाय कसं जुळणार? कल्पिता शंभर असतील. पण नवऱ्याचं नाव आलं, की एकच."

"आणि जुळल्यावर?"

"नवा पत्ता मूळच्या बूथप्रमुखाला जातो. स्थलांतरित मतदार म्हणून. तो घरी येऊन भेटतो, ओळख ठेवतो, मतदानाला गाडी पाठवतो. एकपण मत वाया जात नाही." हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता.

"त्या बाईला विचारता? की बाई, तुझा पत्ता आम्ही कोणाकोणाला देऊ?"

करिश्माला प्रश्नच कळला नाही. "चांगल्यासाठीच देतो ना ताई."

"कल्पिता मितेश मढवी," नीरजा म्हणाली. "उघडा."

करिश्मानं बोट फिरवलं. पडद्यावर नाव आलं. पत्ता: दुसरा मजला, द्वारा काणे. मूळ बूथ घोडबंदरकडचं. त्याखाली बूथप्रमुखाचं नाव होतं, फोटोसकट. कपाळाला टिळा, गळ्यात पक्षाचा पट्टा.

मितेश मढवी.

आणि त्याच्याही खाली, ज्या दुपारी काण्यांचं दार फुटलं त्याच तारखेची एक हिरवी खूण होती. शेजारी शब्द होते: गृहभेट पूर्ण.

६

"हे त्यानं स्वतः भरलंय?" नीरजानं विचारलं. आवाज इतका खाली आला होता की तिला ओळखणाऱ्यांनी लांब पळ काढला असता.

"हो, ज्याचं त्यालाच भरावं लागतं. भेटी झाल्या नाहीत तर वरून फोन येतो. त्यावरच पद टिकतं." करिश्मा अजून गोंधळलेली होती. "काय झालं ताई?"

नीरजानं सांगितलं. लाथेनं फुटलेलं दार, जिना, पोरीला धरून ओढणं, मोडलेलं हाड. बायकोचा हात मोडून हा माणूस बाहेर पडला आणि सवयीनं, हजेरी लावावी तशी, त्यानं खूण केली. करिश्माचं हसू विरलं. ती खुर्चीत मागं सरकली.

"आईशप्पथ ताई, मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, कारण तुम्ही विचारलंच नाही! बाई गप्प बसली तेव्हा ती का गप्प आहे हा विचार आला मनात? नाही. उखाणा घ्यायला लावला! हळदीकुंकू हे बाईचं एकमेव ठिकाण, जिथं ती जरा मोकळी बसते. तिथं तुम्ही डब्याच्या बदल्यात तिचा पत्ता काढून घेतला आणि ज्याच्यापासून ती पळाली त्याच्याच हातात दिला." नीरजानं पडद्याचे फोटो काढले. करिश्मानं अडवलं नाही. "माहिती संरक्षणाचा कायदा झालाय, नियम आलेत, पण बरीचशी कलमं लागू व्हायची आहेत. तोवर तुमचं फावलंय. या फोटोंवर मी त्याचा जामीन मात्र रद्द करून मागणार आहे. आणि ही नोंद आत्ता, माझ्यासमोर पुसा."

"मला नाय पुसता येत. मुख्य ऑफिसला सांगावं लागतं." करिश्मानं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि अडखळत सगळं सांगितलं.

पलीकडचा तरुण फार नम्र होता. "काही प्रॉब्लेम नाही ताई, डिलीट करून देऊ. फक्त व्हेरिफिकेशनसाठी त्या मॅडमचा चालू मोबाइल नंबर आणि सध्याचा पत्ता पाठवा."

नीरजानं फोनकडे पाहिलं. मग करिश्माकडे पाहिलं. करिश्मानं फोन कापला आणि तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं. नीरजाला तिची कीव आली नाही. येईल कदाचित पुढं कधीतरी.

परतीच्या वाटेवर तिनं आधी अनिमेषला फोन करून, त्या दिवशी झाडल्याबद्दल त्याची माफी मागितली. मग वर्तकनगरला येऊन कल्पितासमोर सगळं जसंच्या तसं ठेवलं.

कल्पिता ऐकत गेली तशी पांढरी पडली. "म्हणजे मीच सांगितलं. उखाणा घेतला म्हणून मी तुम्हाला बोललेच नाय. लाज वाटलेली. ज्यानं मारलं त्याचंच नाव…"

"तू काही सांगितलं नाहीस!" नीरजा ओरडलीच. "चार बायकांत तुला नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं, ही लाज तुझी नाही. ते लिहून घेणाऱ्यांची आहे."

"आता पुसतील?"

नीरजा खोटं बोलू शकली असती. "मी भांडेन. पण किती फोनांत गेलंय ते मला माहीत नाही. नाशिकलाही कुठलंतरी शिबिर असेल, कुठलंतरी हळदीकुंकू असेल. पोरीला शाळेत घालताना नाव सांगावं लागेल. तू लपशील, पण तुला लपू देतील की नाही, याची खात्री मी आता देऊ शकत नाही. एकदा दिली होती."

कल्पितानं प्लॅस्टरवरून एकदा हात फिरवला. मग तिनं डाव्या हातानं फोन उचलला आणि वडिलांचा नंबर लावला.

धाकू भोईर आले ते एकटे नाही आले. भावकीतल्या चार बायका आणि दोन पुतणे घेऊन आले. बायकांनी बॅगा उचलल्या, एकीनं अंतराला कडेवर घेतलं. म्हातारा दारातच उभा राहिला. आत यायचं धाडस त्याला होत नव्हतं.

"बाबा," कल्पिता म्हणाली, "मला वाटलेलं, तुम्हीच सांगितलं."

"दोनदा मीच तुना त्याचे दारान नेऊन सोरली," धाकू म्हणाले. "तुना तसा वाटनारच, पोरी."

कल्पिता पुढं झाली आणि चांगला हात तिनं बापाच्या खांद्यावर ठेवला. धाकूंनी डोळे पुसले.

"नाशिक नको न कय नको. आपले घरान ऱ्हा. मी ओट्यावर बसतंय, दिसभर. येऊ दे त्याला. आता पत्ता सगल्यांनाच ठावा हाय ना, मग दार पन उघडाच ठेवू."